हाफ-लाइफ : गोष्ट मोठी, की ती सांगण्याची रीत?

उशिराचा_पाहुणा :

हाफ-लाइफ या संगणकावरच्या खेळाला नोव्हेंबर २०२३ मध्ये पंचवीस वर्षे पूर्ण झाली, तेव्हा तो बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने स्टीम या आपल्या खेळविक्रीच्या मंचावर तो काही दिवस फुकट दिला होता. फुकट म्हणून मी तो पदरात पाडून घेतला, नंतर विसरलो, आणि गेल्या महिन्यात एकदाचा अथपासून इतिपर्यंत खेळून संपवला. माझा जन्म हा खेळ बाजारात आल्यानंतरचा आहे. त्यामुळे त्याच्याशी माझ्या लहानपणाची एकही आठवण जोडलेली नाही, आणि कदाचित म्हणूनच मला पुढचा प्रश्न पडला असावा.

फर्स्ट पर्सन शूटरमध्ये, म्हणजे नायकाच्या डोळ्यांतून पाहत खेळायच्या बंदूकबाजीच्या खेळांत, गोष्ट सांगण्याची रीत हाफ-लाइफने कायमची बदलली, असे मी गेली कित्येक वर्षे वाचत आलो आहे. म्हणून खेळताना मी त्या गोष्टीची वाट पाहत राहिलो. ती एका पोस्टकार्डावर मावते. न्यू मेक्सिकोच्या वाळवंटाखाली ब्लॅक मेसा नावाचे प्रचंड संशोधन केंद्र आहे. तिथे एक प्रयोग फसतो आणि झेन नावाच्या परक्या जगाचे दार उघडते. तिथले प्राणी आत शिरतात. त्यांचा आणि साक्षीदारांचाही निकाल लावण्यासाठी सैन्य येते. आणि गॉर्डन फ्रीमन नावाचा सत्तावीस वर्षांचा शास्त्रज्ञ, म्हणजे आपण, दोघांनाही तोंड देत झेनमध्ये जाऊन तिथल्या म्होरक्याला मारतो. १९९३ च्या डूम या शूटरमध्येही मंगळाच्या चंद्रांवर प्रयोग फसतो आणि नरकाचे दार उघडते, तेव्हा कल्पनेच्या पातळीवर नवे असे काय आहे? नायक तोंडातून अक्षर काढत नाही. साऱ्या शास्त्रज्ञांत मिळून चार चेहरे आहेत आणि पहारेकऱ्यांना तर एकच.

खेळ मला आवडला नाही असे मुळीच नाही, कारण मारामारी आजही चुरशीची वाटते आणि सैनिकांनी घेरले की घाम फुटतो. परंतु कथनाबद्दलची त्याची कीर्ती ही त्या काळच्या खेळाडूंना ते सारे नवे वाटले एवढ्यावरच उभी आहे, की मी गोष्ट चुकीच्या ठिकाणी शोधत होतो, हे जाणत्यांनी सांगावे. त्याच्या प्रभावाविषयीही आपले मत वाचायला आवडेल, कारण ज्या खेळांवर त्याचा प्रभाव आहे असे म्हटले जाते त्यांतले निम्मे मला कंटाळवाणे वाटतात.


तळघर :

माझ्या पिढीला हाफ-लाइफ उलट्या दिशेने भेटला. पुण्यात महाविद्यालयात असताना आम्ही तासाला वीस रुपये मोजून सायबर कॅफेत काउंटर-स्ट्राइक खेळायचो, तेही बहुतेक वेळा डस्ट-टू या एकाच नकाशावर, आणि हा खेळ १९९९ मध्ये दोन हौशी पोरांनी हाफ-लाइफवर केलेला मॉड, म्हणजे मूळ खेळात बदल करून बनवलेला खेळ, आहे, जो पुढे व्हॉल्व्हने विकत घेतला, याचा आम्हाला पत्ताही नव्हता. कॅफेच्या पडद्यावर हाफ-लाइफचे चिन्ह दिसायचे आणि आम्ही ते ओलांडून पुढे जायचो. एकदा इतर सहा जणांची वाट पाहण्यात वेळ चालला होता म्हणून मी ते उघडले आणि खेळाच्या सुरुवातीला नायकाला कामावर नेणाऱ्या ट्राममध्ये बसलो. मित्र आले तेव्हा मी त्यांना थांबायला सांगितले. या मान्यवरांनी आजतागायत मला त्याबद्दल माफ केलेले नाही.

आता आपल्या प्रश्नाकडे वळतो. गोष्ट पोस्टकार्डावर मावते हे मला मान्य आहे, आणि मार्क लेडलॉ यांच्यासारख्या कादंबरीकाराला १९९७ मध्ये बोलावून घेतल्यावरही ती तेवढीच राहिली ही मला तर व्हॉल्व्हची शहाणीव वाटते. ती ट्राम पुन्हा एकदा आठवून पाहावी. सकाळचे ८ वाजून ४७ मिनिटे झाल्याचे ध्वनिक्षेपक सांगतो. आपल्या हाती शस्त्र नाही, डब्यातून उतरता येत नाही आणि काही मिनिटे करण्यासारखे काहीही नाही. मात्र मान वळवता येते, एका खिडकीपासून दुसऱ्या खिडकीपर्यंत जाता येते. बाहेर एक पहारेकरी कुलूप लागलेल्या दारावर थापा मारत उभा असतो. जाता जाता काही यंत्रे आपापली ओझी वाहताना दिसतात. डूम किंवा क्वेक सुरू झाल्यावर दहा सेकंदांत काहीतरी मरायचे, आणि इथे मात्र खेळाडूला नोकरीवर निघालेल्या माणसासारखे ताटकळत ठेवले जाते. विशेष म्हणजे हे सारे क्वेकच्याच इंजिनात, म्हणजे खेळ चालवणाऱ्या मूळ प्रणालीत, फेरफार करून बांधलेले होते, म्हणजे यंत्र जुनेच होते आणि हेतू बदलला होता.

उतरल्यावर स्वागतकक्षातला पहारेकरी सांगतो की तुमच्यासाठी बरेच निरोप होते, पण वीस मिनिटांपूर्वी संगणक बंद पडले. काचेपलीकडे सूट घातलेला एक माणूस एका शास्त्रज्ञाशी हुज्जत घालत असतो. आवाज ऐकू येत नाही आणि दार उघडत नाही. विश्रांतीच्या खोलीत कुणाचे तरी जेवण मायक्रोवेव्हमध्ये ठेवलेले असते, आणि बटण फार वेळा दाबले तर ते फुटते व मालक आपल्यावर करवादतो. मग आपण संरक्षक पोशाख चढवतो, खाली उतरतो, नमुन्याची गाडी ढकलतो आणि अनर्थ घडतो.

यानंतर जे होते ते माझ्या मते या खेळाचे सर्वांत मोठे कौशल्य आहे. आपल्याला त्याच वाटेने परत जावे लागते. ज्या दारातून पाच मिनिटांपूर्वी पहारेकऱ्याने आत सोडले तिथे आता ठिणग्या उडत असतात, ज्याच्याशी नमस्कार-चमत्कार झाले होते तो जमिनीवर पडलेला असतो, आणि लिफ्टचे बटण दाबावे तर किंचाळणाऱ्या शास्त्रज्ञांसकट लिफ्ट डोळ्यांदेखत खाली कोसळते. कोणीही येऊन "केंद्र उद्ध्वस्त झाले" असे सांगत नाही, कारण ते आधी धडधाकट पाहिलेले असल्यामुळे आपल्याला ते दिसते. आपण ज्याला गोष्ट म्हणून शोधत होता ती या दोन फेऱ्यांच्या मधल्या फरकात आहे, आणि तो फरक पोस्टकार्डावर उतरवता येत नाही.

सैन्याचेही तसेच. केंद्रातले लोक कित्येक दालने एकच आशा धरून असतात की वर पोहोचले की मदत मिळेल. मग एक शास्त्रज्ञ "सुटलो एकदाचे" अशा आनंदात एका सैनिकाकडे धावतो आणि सैनिक त्याला गोळी घालतो. हे दृश्य आपण जिन्याआडून, हातात बंदूक असताना आणि काही करता येण्याआधीच पाहतो. त्यावर कोणी भाष्य करत नाही आणि खेळ थांबत नाही, कारण लगेचच तो सैनिक आपल्याकडे वळलेला असतो.


सरळरेघ :

वरील प्रतिसाद वाचून मलाही पुन्हा ट्राममध्ये बसावेसे वाटले, तरीही काही हिशेब चुकते करणे भाग आहे.

पहिली गोष्ट म्हणजे "शूटरमध्ये कथन हाफ-लाइफने आणले" हे विधान धादांत चुकीचे आहे. १९९४ मध्ये सिस्टिम शॉक या खेळाने ओसाड अंतराळस्थानकावर मेलेल्या माणसांच्या ध्वनिमुद्रित नोंदी विखरून ठेवल्या होत्या आणि शोडान ही कृत्रिम बुद्धिमत्ता खेळाडूला पावलोपावली हिणवत होती. त्याच वर्षी मॅकिंटॉशवर आलेल्या मॅरेथॉन या शूटरमध्ये भिंतीतल्या संगणकांवर वाचायला मिळणारा मजकूर एवढा दाट आणि चलाख होता की लोक आजही त्याचा कीस काढतात. हाफ-लाइफने यांतले काहीही शोधलेले नाही. त्याने वाचण्याचे सारे काम काढून टाकले. ज्यांना खेळताना वाचायचा कंटाळा होता त्यांना हे क्रांतिकारक वाटले, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरी गोष्ट म्हणजे गॉर्डनचे मौन. हे मौन कथनाचे सामर्थ्य असल्याचे सांगितले जाते, परंतु मला ती पळवाट वाटते. सैद्धांतिक भौतिकशास्त्रात एमआयटीतून डॉक्टरेट घेतलेल्या माणसाने, डोळ्यांसमोर सहकारी कापले जात असताना, एक प्रश्नही विचारू नये? पहिल्या भागात सगळे जण धावपळीत असल्यामुळे हे खपून जाते. २००४ च्या हाफ-लाइफ २ मध्ये मात्र चार माणसे आपल्याभोवती उभी राहून आपल्याला विश्वासात घेतात, आपण टेबलावर चढून खोकी फेकत असतो, आणि त्यांचे बोलणे संपेपर्यंत दार उघडत नाही. याला कटसीन (खेळ थांबवून दाखवलेले दृश्य) नाही असे म्हणायचे असेल तर म्हणावे, पण मग ज्या सभेतून उठून जाता येत नाही तिला गप्पा म्हणावे लागेल.

तिसरा आणि माझ्या दृष्टीने सर्वांत गंभीर मुद्दा प्रभावाचा आहे. "ठरलेल्या जागी पाऊल पडले की ठरलेला प्रसंग घडतो" हे तंत्र हाफ-लाइफने इतके यशस्वी करून दाखवले की पुढच्या दहा वर्षांत युद्धपटांसारखे झालेले सगळे शूटर त्याच खुंटीला टांगले गेले. पूल कोसळतो, मित्र दार फोडतो, हेलिकॉप्टर बरोबर आपण पाहत असतानाच पडते, आणि आपण त्या आखून दिलेल्या बोळातून पुढे सरकत राहतो. कॉल ऑफ ड्यूटीची मालिका २००३ मध्ये सुरू झाली आणि २००७ च्या मॉडर्न वॉरफेअरपर्यंत हा प्रकार असा टोकाला गेला की हातात बंदूक पण पायात दावे अशी खेळाडूची अवस्था झाली. प्रश्नकर्त्याला यांतले निम्मे खेळ कंटाळवाणे वाटले असतील तर त्यांची अभिरुची शाबूत आहे.

शेवटी झेनबद्दल. जमिनीखालचे केंद्र सोडून आपण त्या तरंगत्या खडकांवर उड्या मारू लागतो तेव्हा जागेतून गोष्ट सांगण्याचा सारा दावा गळून पडतो, कारण ती जागा कोणाची आहे, तिथे कोण कसे राहते, हे काहीच कळत नाही. ब्लॅक मेसा या नावाने चाहत्यांनी हा संपूर्ण खेळ नव्याने बांधला, आणि २०२० मध्ये तो पूर्णत्वास गेला तेव्हा त्यांना झेनचा भाग जवळजवळ मुळापासून रचावा लागला, यातच सगळे आले.


नेपथ्यवाला :

मी प्रायोगिक नाटकांच्या प्रकाशयोजनेत उमेदवारी केलेला माणूस आहे आणि खेळांबद्दलचे माझे ज्ञान मर्यादित आहे, परंतु हाफ-लाइफ मी चार वेळा खेळलो आहे आणि सरळरेघ यांच्या तिसऱ्या मुद्द्याशी मला भांडायचे आहे.

हा खेळ घडवणाऱ्यांपैकी केन बर्डवेल यांनी १९९९ मध्ये त्याच्या जडणघडणीवर एक सविस्तर लेख लिहिला होता. १९९७ च्या अखेरीस खेळ जवळपास तयार झाला असताना तो मनासारखा नाही म्हणून त्यांनी बहुतेक सगळे मोडीत काढले, आणि निरनिराळ्या कामांतली माणसे एका टेबलाभोवती बसवून एकेक भाग पुन्हा रचायला घेतला. त्या टेबलावर ठरलेल्या नियमांपैकी एक माझ्या मनात घर करून आहे, तो असा की प्रसंग घड्याळाप्रमाणे नव्हे, तर खेळाडूने कापलेल्या अंतराप्रमाणे घडावेत. ज्याला दम खायचा आहे त्याने जागीच थांबावे, ज्याला घाई आहे त्याने पुढे जावे. दोघांनाही आपापल्या गतीने तेवढेच मिळेल. आम्हा मंडळींना हे ऐकून हेवा वाटतो, कारण आमचा प्रकाश नटाच्या वाक्यावर बदलतो आणि नट वाक्य विसरला की अंधार होतो.

नक्कल करणाऱ्यांनी कोसळणारा पूल उचलला आणि हा नियम मागे ठेवला. मॉडर्न वॉरफेअरमध्ये सोबती ओरडत असतो की चल, चल. थांबलो तर गोळी लागते. हाफ-लाइफमध्ये क्वचितच कोणी आपल्याला हाकलते. बोळ दोन्हीकडे आहे हे खरे, पण एका बोळात आपण चालतो आणि दुसऱ्यात ढकलले जातो, आणि ढकलणाऱ्याचा दोष चालवणाऱ्याच्या माथी मारणे मला न्याय्य वाटत नाही.

उदाहरण द्यायचे तर "ब्लास्ट पिट" हा भाग पाहावा. अग्निबाणाचे इंजिन तपासण्याच्या उभ्या विहिरीत तीन अजस्र शुंडा वर आलेल्या आहेत. त्यांना डोळे नाहीत. त्या आवाजावर मारतात, आणि आवाज नसला की चोचीने लोखंडी पट्ट्या ठोकत राहतात. त्यांना कोणत्याही बंदुकीने मारता येत नाही. विहिरीच्या वरच्या काचेच्या खोलीत इंजिन पेटवायचे बटण असते, पण इंधन, प्राणवायू आणि वीज असे तीनही पुरवठे बंद पडलेले असतात, म्हणून आपल्याला त्या प्राण्याच्या शेजारून, पाय न वाजवता, दर वेळी वेगळ्या पातळीवरच्या बोगद्यात शिरावे लागते. लांब हातगोळा फेकला की त्या तिकडे वळतात आणि तेवढ्यात आपण सरकतो. पुरवठा सुरू करताना दूरवर, भिंतीपलीकडून, तो ठक् ठक् आवाज येतच राहतो. शेवटी वर जाऊन आपण बटण दाबतो आणि जी वस्तू त्या जागी पहिल्यापासून ज्या कामासाठी होती तेच काम ती करते. त्या जागेचा उपयोग काय, तिथे कोण काम करत असे, ती कशी चालत असे, हे सगळे आपल्याला पायांनी कळलेले असते. याला मी नेपथ्याने सांगितलेली गोष्ट म्हणतो. आमच्याकडे रंगमंचावरच्या खुंटीला टोपी अडकवली तर तिसऱ्या अंकापर्यंत ती कोणीतरी घालावी लागते. इथे टोपीच्या जागी इंजिन आहे.

सिस्टिम शॉकबद्दल आपण म्हणता ते मला मान्य आहे. फक्त तिथे माणसे आपण पोहोचण्याआधीच मेलेली असतात, कारण जिवंत माणसाशी संवाद रचणे त्या घडणकारांना अवघड वाटले होते. हाफ-लाइफने माणसे जिवंत ठेवली, त्यांना भित्री आणि बडबडी केली, आणि मग आपल्यासमोर मारली. चार चेहऱ्यांची असली तरी माणसेच ती.


सरळरेघ :

ब्लास्ट पिटबद्दल मी शस्त्रे खाली ठेवतो. अंतराचा नियम मला माहीत नव्हता, आणि त्यामुळे माझा तिसरा मुद्दा अर्धा तरी लंगडा पडतो, कारण मी ज्याला प्रभाव म्हणत होतो तो बऱ्याच अंशी अर्धवट नकलेचा परिणाम ठरतो. शिवाय २००७ मध्येच व्हॉल्व्हने काढलेल्या पोर्टल या खेळात भिंतीमागच्या खोल्यांतून जे सांगितले आहे ते पाहता वारसा नीट सांभाळणारेही होते, हेही नोंदवतो.

झेनबद्दलचे माझे मत मात्र बदललेले नाही. आणि सैनिकांच्या हुशारीबद्दल एक भर घालतो, कारण प्रश्नकर्त्यांनी त्यांच्या घेराव घालण्याचे कौतुक केले आहे. ते जे डावपेच लढवतात त्याहून अधिक ते बोलतात. हातगोळा टाकण्यापूर्वी ओरडणे, वायरलेसवर एकमेकांना कळवणे, यामुळे आपण त्यांच्या हालचालींत मनातल्या मनात योजना भरतो. एका ठिकाणी तर दोघे आडोशाला कुरकुरताना ऐकू येतात की राक्षस मारायचे ठीक, पण साध्या नागरिकांना का मारायचे. त्या एका तक्रारीने पुढच्या शंभर सैनिकांना मारताना हात किंचित जड होतो. जर्मनीत विकलेल्या आवृत्तीत हिंसेच्या नियमांमुळे या सैनिकांच्या जागी यंत्रमानव घातले होते. तिथल्या खेळाडूंच्या वाट्याला ती गोष्टच आली नाही, म्हणजे मी पुन्हा माझ्याच विरुद्ध युक्तिवाद करून बसलो.


उशिराचा_पाहुणा :

सर्वांचे मनापासून आभार. आपले प्रतिसाद वाचून मी काल रात्री खेळ पुन्हा सुरू केला, आणि एक कबुली द्यायला हवी की पहिल्या वेळी ट्राममध्ये असताना मी मोबाइल पाहत होतो. काही घडत नाही तोवर चहा घ्यावा, असे म्हणून उठलोही होतो. लिफ्ट कोसळली तेव्हा मला त्यात काही विशेष वाटले नव्हते, कारण आधीचे काही पाहिलेच नव्हते.

या वेळी डोळे उघडे ठेवून बसलो, तेव्हा ट्राम चालू असताना पडद्यावर उमटणारा मजकूर दिसला. कार्यालयातल्या नोंदवहीतला उतारा असावा तसा तो आहे : नाव गॉर्डन फ्रीमन, वय सत्तावीस, शिक्षण, हुद्दा संशोधन सहायक, नेमणूक कोणत्या प्रयोगशाळेत, प्रवेशाची पातळी तीन. त्याखाली शिफारस करणाऱ्याचे नाव गोपनीय, आणि आपत्तीत वाचवण्याचे प्राधान्य वरिष्ठांच्या मर्जीवर. हसू आले.

मग मी जुना सेव्ह (खेळाची साठवलेली स्थिती) उघडून शेवट पुन्हा पाहिला. पहिल्या भागात काचेआड हुज्जत घालणारा तो सूटातला माणूस गॉर्डनला नोकरी देऊ करतो, आणि हे बोलणे चालते तेही अंतराळातून धावणाऱ्या एका ट्राममध्ये. मागच्या वेळी मी निमूटपणे दारात पाऊल टाकले होते. काल टाकले नाही. तो म्हणाला की आपले एकत्र काम होणार नाही असे दिसते, आणि मला निःशस्त्र अवस्थेत झेनच्या प्राण्यांच्या घोळक्यात सोडून दिले. अंधार झाल्यावर त्याच नोंदवहीच्या भाषेत मजकूर उमटला : विषय फ्रीमन, मूल्यमापन समाप्त, नोकरीचा देकार नाकारला.

झेनविषयी मात्र मी सरळरेघ यांच्या बाजूने आहे. तिथल्या उड्या काल पुन्हा मारवल्या नाहीत, म्हणून जुना सेव्ह वापरला.